शाश्वत घर म्हणजे नक्की काय? बेळगाव भागातल्या बांधकामाचा हिशेब

बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याचे नवे केंद्रीय नियम २०२५ मध्ये जाहीर झाले आणि १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलाची तारीख ठरली. त्यामुळे 'शाश्वत बांधकाम' हा शब्द आता जाहिरातीपुरता राहिलेला नाही. तरी सामान्य घरमालकाला त्यातून फारसा बोध होत नाही. नियमांतल्या कचरा पुन्हा वापरण्याच्या जबाबदारीचा मुख्य रोख २० हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांवर आहे. बेळगावच्या अनगोळ किंवा वडगाव भागात तीस बाय चाळीस फुटांच्या प्लॉटवर घर बांधणारा माणूस त्यात येत नाही. पण बेळगाव, निपाणी, खानापूर, चिक्कोडी या गावांत मोठे प्रकल्प मोजकेच. बाकी शहर वाढतं ते अशाच एकेका घरानं.

शाश्वत बांधकाम म्हणजे कमी माल, कमी पाणी आणि कमी इंधन खर्चून जास्त वर्षं टिकणारं घर, तेही शेजाऱ्याच्या घरात पाणी न घालता आणि कामगाराचा जीव धोक्यात न घालता. व्याख्या एवढीच. त्याच्या पुढचं 'व्यवस्थापन' म्हणजे कोणतं काम कधी, किती मालात आणि कुणाच्या देखरेखीखाली करायचं ते ठरवणं. लोक सोलरपासून सुरुवात करतात. सोलर चांगलंच आहे, पण ते घर बांधून झाल्यावरही बसवता येतं. चुकीच्या महिन्यात ओतलेला स्लॅब किंवा चुकीच्या मातीवर घातलेला पाया मागाहून बदलता येत नाही. म्हणून हा लेख बसवायच्या वस्तूंपेक्षा कामाच्या क्रमाबद्दल आणि मोजमापाबद्दल जास्त आहे.

आधी प्रश्न: पाडायलाच हवं का?

शहापूर किंवा जुन्या बेळगावच्या गल्ल्यांत घर बांधणं म्हणजे बहुधा जुनं पाडून नवं उभं करणं. 'टायफॅक' या केंद्र सरकारच्या संस्थेचा जुना पण अजून वापरला जाणारा अंदाज असा: नव्या बांधकामात दर चौरस मीटरला ४० ते ६० किलो कचरा निघतो आणि पाडकामात ३०० ते ५०० किलो. हजार चौरस फूट म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. तेवढं घर पाडलं तर २८ ते ४६ टन ढिगारा निघतो. तेवढंच नवं बांधताना चार-साडेपाच टन. नवं घर कितीही काटकसरीनं बांधलं तरी पाडकामाचा आकडा त्याला गिळून टाकतो.

त्यामुळे पहिला निर्णय इंजिनिअरकडून जुन्या भिंती आणि पाया तपासून घेण्याचा. दगडी पाया आणि खालचे दगडी थर सहसा उत्तम असतात. खराब असतात ते वरचं मातीचं बांधकाम, वाळवी लागलेली तुळई आणि ओल धरलेला कोपरा. पुढचा सोपा (दर्शनी ओसरी) तसाच ठेवून मागच्या परड्याच्या बाजूला नवं बांधता येतं का, हे तरी कागदावर काढून बघावं.

पाडायचंच ठरलं तर जेसीबी शेवटी बोलवा. आधी कौलं, मग सागवानी तुळया, दारं-खिडक्यांच्या चौकटी, मग फरशी, मग दगड. मातीच्या मसाल्यात बांधलेल्या विटा हातानं सोडवल्या तर अख्ख्या निघतात. सिमेंटमध्ये बांधलेल्या निघत नाहीत. जेसीबीनं एका दिवसात होणारं काम हातानं करायला आठवडा लागतो, हे खरं. पण जुनं सागवान आणि घडीव दगड विकून किंवा वापरून त्या मजुरीचा बराच भाग सुटतो. छपरावर जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते फोडायचे नाहीत. बोल्ट काढून, पाणी मारून अख्खे उतरवायचे आणि वेगळे ठेवायचे. त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते.

गल्लीतल्या घरांना सामाईक भिंती असतात, आणि खरे अपघात तिथेच होतात. शेजाऱ्याच्या मातीच्या भिंतीलगत पायाचा चर सलग उघडला की त्या भिंतीखालची माती सुटते. तिथे एका वेळी चार-पाच फूटच खणायचं, तेवढा पाया भरून घ्यायचा, मग मधला तुकडा सोडून पुढचा घ्यायचा. वळीव पडत असताना असला चर रात्रभर उघडा ठेवू नये.

जमीन तांबडी की काळी?

बेळगाव जिल्ह्यात दोन वेगळ्या जमिनी आहेत. पश्चिमेला, खानापूरच्या बाजूला, तांबडी माती आणि जांभा. पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाक, अथणीकडे काळी. शहराच्या दक्षिणेला येळ्ळूरच्या बाजूची भातशेतीची जमीनही चिकण आहे, आणि तिथे आता प्लॉट पडतात.

काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. ती दरवर्षी पाया वर-खाली करते आणि भिंतीला तिरकी चीर जाते. ही चीर दर दोन वर्षांनी भरणं, रंगवणं, पुन्हा भरणं हा आयुष्यभराचा खर्च आहे. प्रयोगशाळेत एक स्वस्त चाचणी होते: १० ग्रॅम माती पाण्यात आणि १० ग्रॅम रॉकेलमध्ये २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून दोन्हींतल्या उंचीचा फरक कळतो. हा फरक ५० टक्क्यांवर गेला तर माती अतिशय फुगणारी समजायची आणि साधा उथळ पाया विसरायचा. मग काळी माती काढून न फुगणाऱ्या मुरमाचे थर दाबून भरणं, किंवा खाली कंदासारखा फुगवटा असलेले साडेतीन मीटरच्या आसपास खोल पाइल (जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब) घेणं, हे पर्याय इंजिनिअर सुचवतो. शिवाय घराभोवती निदान मीटरभर रुंद काँक्रीटचा उतरता पट्टा हवा, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरणार नाही. पायालगत बागेला पाणी घालण्याची हौस काळ्या जमिनीत महागात पडते.

खोदताना वरची वीतभर सुपीक माती वेगळी काढून ठेवा. ती भरावात गाडली की गेली. बागेसाठी मागाहून तीच विकत आणावी लागते.

सखल प्लॉटबद्दल थोडं कडक बोलावं लागेल. बेळगावजवळच्या बळ्ळारी नाल्याच्या आसपासच्या शिवारात दर मोठ्या पावसात पाणी पसरतं, आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरात जिल्ह्यानं काय सोसलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. अशा जागी चार फूट भराव टाकून घर उंच करता येतं, पण तुमच्या प्लॉटवर थांबणारं पाणी मग शेजारच्या भातात किंवा शेजारच्या घरात जातं. असा प्लॉट स्वस्त मिळतो, कारण त्याची उरलेली किंमत दुसरा कुणीतरी भरणार असतो.

दसऱ्यानंतर पाया, पावसाळ्यात आतला गिलावा

बेळगाव शहरात वर्षाला साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. अथणीत याच्या निम्माच. पश्चिमेला घाटमाथ्यावर कणकुंबीकडे कित्येक पटींनी जास्त. एप्रिल-मेमध्ये वळीव, आणि नेमक्या याच दोन महिन्यांत नळाच्या पाण्याची ओढ.

आता नेहमीची पद्धत बघा. कर्ज मंजूर होतं जानेवारीत, पाया निघतो फेब्रुवारीत, आणि 'पावसाच्या आधी स्लॅब' या घाईत स्लॅब येतो एप्रिलच्या अखेरीस. म्हणजे बांधकामाला सर्वांत जास्त पाणी लागतं तेव्हाच गावात पाणी सर्वांत कमी. मग टँकर. टँकरचं पाणी कुठल्या बोअरचं, ते कुणी विचारत नाही.

क्रम एवढाच बदला. नकाशा आणि परवानगी पावसाळ्यातच उरकून घ्या. दसरा-दिवाळीच्या सुमाराला पाया खणा. तेव्हा माती थोडी ओलसर असते, खोदायला सोपी, आणि विहिरी-आड भरलेले असतात. जोत्यापर्यंतचं काम डिसेंबरात. स्लॅब जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे त्याला पाणी मारायचे दिवस थंड हवेत येतात आणि बाष्पीभवन कमी होतं. उन्हाळ्यात भिंती आणि वरचे हलके काम. जून ते सप्टेंबर आतला गिलावा, वायरिंग, प्लंबिंग. हवा दमट असल्यामुळे गिलाव्याला फार पाणी मारावं लागत नाही. बाहेरचा गिलावा आणि रंग पाऊस उघडल्यावर. मधला पावसाळा गच्चीची फुकट परीक्षाही घेतो: कुठे गळतं ते वॉटरप्रूफिंग करण्याआधीच कळतं.

यात एक रुपयाचाही जास्त माल लागत नाही. लागतो तो फक्त चार महिने आधी नकाशा तयार करण्याचा विचार.

स्लॅबला पाणी किती आणि किती दिवस?

काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया होऊन ते घट्ट होतं, आणि ही क्रिया चालू राहायला ओलावा लागतो. पृष्ठभाग कोरडा पडला की क्रिया थांबते आणि ताकद तिथेच अडकते. भारतीय मानक ४५६ नुसार साध्या म्हणजे ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस ओलावा हवा, आणि उन्हाळी कोरड्या हवेत किमान १०. फ्लाय ॲश मिसळलेल्या पीपीसी सिमेंटला किमान १०, आणि १४ दिवस ठेवणं चांगलं. आपल्याकडे पाणी उभं ठेवायला स्लॅबवर केलेले वाफे तिसऱ्या दिवशीच कोरडे दिसतात.

हजार फुटांच्या स्लॅबवर दोन इंच पाणी उभं करायला सुमारे ४,७०० लिटर लागतं, म्हणजे जवळपास एक छोटा टँकर. ते एकदाच. पुढे रोज फक्त उडालेलं पाणी भरायचं. त्यावर गोणपाट किंवा भाताचा पेंढा पसरला तर तेही निम्म्यावर येतं. खरी नासाडी होते कॉलम आणि भिंतींवर: सकाळी पाइप धरून पाणी मारलं, त्यातलं बरंचसं खाली वाहून गेलं, आणि बेळगावचा वारा लागून दुपारी बारापर्यंत कॉलम पुन्हा पांढरा. कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळून वर प्लास्टिकचा कागद बांधला की दिवसातून एकदा बादलीभर पाणी पुरतं.

पाण्याचा दर्जाही बघायला हवा. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड दर लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको आणि पीएच ६ च्या खाली नको. कृष्णेकाठच्या काही ओलिताच्या गावांत जमिनी क्षारपड झाल्या आहेत. तिथल्या बोअरचं पाणी तपासल्याशिवाय काँक्रीटमध्ये घालू नका. क्षार सळईला आतून गंज चढवतात. तो दिसेपर्यंत दहा वर्षं गेलेली असतात.

आणि मिक्सरमधलं पाणी. एम २० या नेहमीच्या काँक्रीटला ५० किलोच्या पोत्यामागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, हे त्याच मानकातलं प्रमाण आहे. माल पातळ असला की पसरायला सोपा जातो, म्हणून बिगारी आणखी एक बादली ओततो. जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि काँक्रीटमध्ये बारीक पोकळ्या सोडतं. स्लॅब त्याच पोकळ्यांतून गळतो. शिवाय ओल्या वाळूत पाणी आधीच असतं. एका पोत्याला लागणाऱ्या सुमारे ८३ किलो वाळूत ५ टक्के ओल असेल तर चार लिटर पाणी वाळूतूनच येतं, तेवढं कमी घालायचं. उपाय म्हणून मिक्सरजवळ खुणेचा डबा ठेवा, पाइप नको.

भिंत कशाची बांधायची?

यावर मतं खूप आहेत, आणि बहुतेक विक्रेत्यांची. बेळगाव भागात चार पर्याय सहज मिळतात.

खानापूर-चंदगड पट्ट्यातला जांभ्याचा चिरा भाजावा लागत नाही, खाणीतून कापूनच येतो. त्यामुळे त्याला लागणारं इंधन म्हणजे कापणं आणि वाहतूक. पश्चिम भागात घर असेल तर हा पहिला पर्याय. तो खाणीतून ताजा आणला की मऊ असतो. उघड्यावर ठेवून कडक होऊ द्यावा लागतो. तो पाणी शोषतो, म्हणून जोत्यावर ओल रोखणारा थर आणि वर दोन फुटांचा छज्जा हवाच. पण हाच चिरा ट्रकनं अथणीला न्यायचा म्हटलं तर त्याचा शाश्वतपणा वाटेतल्या डिझेलमध्ये जळतो.

भाजलेली वीट: भट्टीत इंधन जातं आणि शेतातली माती जाते. वापरायचीच तर चांगली वापरा. एक वीट कोरडी तोला, २४ तास पाण्यात ठेवून पुन्हा तोला. वजन २० टक्क्यांहून जास्त वाढलं तर ती खेप परत पाठवा. तीन किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमवर जाता कामा नये.

सिमेंटचा सॉलिड ब्लॉक कर्नाटकात सर्वांत जास्त दिसतो, आणि त्याच्या भिंतीला उभ्या-आडव्या चिराही सर्वांत जास्त दिसतात. दोष ब्लॉकचा नसतो, घाईचा असतो. मानक २१८५ सांगतं की ब्लॉकला किमान १४ दिवस पाणी मारावं आणि मग चार आठवडे सुकू द्यावं. बाजारात येतो तो आठवड्यापूर्वी पाडलेला. तो भिंतीत बसल्यावर आकसतो. म्हणून ब्लॉक बांधकामाच्या दीड-दोन महिने आधी बुक करा, पाडल्याची तारीख विचारा, जागा असेल तर आपल्याच प्लॉटवर सुकवा.

एएसी ब्लॉक (आत हवेच्या बारीक पोकळ्या असलेला कारखान्यातला ब्लॉक) हलका असतो, घनमीटरला ५५० ते ६५० किलो. विटेची भिंत याच्या तिप्पट भरते. वजन कमी म्हणून सळई आणि पायाचा आकार कमी होऊ शकतो, पण तो इंजिनिअरनं आधीच एएसी धरून हिशेब केला तरच. विटेचा नकाशा करून एएसी लावला तर बचत काहीच नाही. तो तयार चिकट मसाल्यात, तीन मिलिमीटरच्या पातळ सांध्यानं बांधायचा. गवंड्यानं सवयीनं अर्धा इंच सिमेंट भरलं तर त्याचा उपयोग गेला. आमच्याकडचा आडवा पाऊस लक्षात घेता पश्चिमेच्या भिंतीवर तो वापरताना बाहेरचा गिलावा आणि छज्जा यांत काटकसर नको.

भिंत कशाचीही असो, ओळंबा सतत बघा. भिंत वाकडी झाली की ती गिलाव्यानं सरळ करतात. तीन हजार फूट गिलाव्यात फक्त एक सेंटीमीटर जाडी वाढली तरी सुमारे पावणेतीन घनमीटर मसाला जास्त जातो, म्हणजे १:४ च्या प्रमाणात वीसेक पोती सिमेंट. ते घराला कसलीही ताकद देत नाही.

'पीपीसी कच्चं असतं, एम-सँडनं घर कमजोर होतं'

हे दोन आक्षेप गवंड्यांकडून हमखास येतात, आणि दोन्हींत थोडं तथ्य आहे.

सिमेंट बनवताना चुनखडी १४५० अंशांपर्यंत तापवतात. त्या इंधनातून आणि खुद्द चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड निघतो. जगाच्या एकूण उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७-८ टक्के आहे. पीपीसीमध्ये १५ ते ३५ टक्के वीजकेंद्रातली राख असते, पीएससी या दुसऱ्या मिश्र सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्के पोलाद कारखान्याची मळी. तेवढी चुनखडी वाचते. ही सिमेंटं सुरुवातीला सावकाश घट्ट होतात, हे गवंड्याचं निरीक्षण बरोबर आहे. पण २८ दिवसांनी त्यांच्यात कमतरता नसते आणि पुढेही ताकद वाढत राहते. अडचण सेंट्रिंगवाल्याची (स्लॅबखाली साचा आणि टेकू लावणाऱ्याची) होते, कारण त्याला प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात. मानकानुसार ओपीसीच्या स्लॅबचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या अंतराला ७ दिवस, त्याहून जास्त असेल तर १४ दिवस ठेवायचे. सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४, त्याहून लांब बीमचे २१. पीपीसीला याहून थोडे जास्त. सेंट्रिंगच्या भाड्यात ते दिवस आधीच ठरवून घ्या, म्हणजे भांडण नाही.

नदीच्या वाळूचा उपसा म्हणजे मलप्रभा, मार्कंडेय, घटप्रभेच्या पात्राचं आणि काठच्या विहिरींचं नुकसान. एम-सँड म्हणजे दगड फोडून, दाण्याला आकार देऊन, बारीक भुकटी धुऊन काढलेली वाळू. क्रशरची कच म्हणजे दगड फोडताना उरलेली भुकटी. दोन्ही राखाडी, आणि दोन्ही 'एम-सँड' म्हणून विकल्या जातात. कमजोर घरं कचीची असतात. मूठभर वाळू हातात चोळून टाका. तळव्याला पिठासारखा थर चिकटून राहिला तर ट्रक उतरवून घेऊ नका. नदीची वाळू असेल तर काचेच्या बाटलीत वाळू आणि पाणी हलवून तीन तास ठेवा. वरचा गाळाचा थर वाळूच्या थराच्या ८ टक्क्यांहून जाड असेल तर ती नाकारा.

माल कमी पडू नये म्हणून जास्त मागवला तर?

लग्नाच्या पंगतीत कमी पडू नये म्हणून दीडपट शिजवतात, तसंच साइटवर होतं. फरक इतकाच की उरलेला मसालेभात दुसऱ्या दिवशी खाता येतो, उरलेलं सिमेंट तीन महिन्यांत साधारण पंधरा-वीस टक्के ताकद गमावतं आणि पावसाळ्यात गड्डे होऊन फुकट जातं. सिमेंट जमिनीपासून सहा इंच उंच फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर दूर ठेवा, दहा पोत्यांपेक्षा उंच रचू नका, आणि आधी आलेलं आधी वापरा. कालवलेला मसाला दोन तासांत संपवायचा. जेवणाच्या सुट्टीआधी कालवून ठेवलेला मसाला पाणी घालून पुन्हा मऊ करतात, तो मसाला मेलेला असतो.

अंदाज बांधायला दोन-तीन आकडे पुरतात. एम २० च्या एका घनमीटर काँक्रीटला सुमारे ८ पोती. हजार फुटांचा पाच इंची स्लॅब पावणेबारा घनमीटरच्या आसपास, म्हणजे बीम सोडून ९३-९५ पोती. विटेच्या भिंतीला प्रमाण आकाराच्या सुमारे ५०० विटा प्रत्येक घनमीटरला. ठेका फक्त मजुरीचा असेल तर माल जास्त जातो, कारण वाया गेलेलं पोतं मालकाचं. ठेका मालासकट असेल तर कमी जातो, कारण वाचलेलं पोतं ठेकेदाराचं. आधी काढून ठेवलेला पोत्यांचा आकडा दोन्हीकडून राखण करतो.

सळईत पैसा सर्वांत जास्त, म्हणून तिथे थोडं थांबू. सळई १२ मीटर लांब येते आणि तिचं मीटरमागचं वजन काढायची सोपी रीत म्हणजे जाडीचा मिलिमीटरमधला वर्ग भागिले १६२. सोळाची सळई मीटरला १.५८ किलो. समजा बीमसाठी ३.२ मीटरचे तुकडे हवेत. एका सळईतून तीन निघतात, २.४ मीटर उरते. अशा २४ सळया कापल्या तर ९१ किलो लोखंड भंगारात. तेच २.४ मीटरचे तुकडे दुसरीकडे जोडकामात किंवा छोट्या बीममध्ये बसतात का, हे कापण्याआधी कागदावर मांडलं तर वाचतं. यालाच बार बेंडिंग शेड्यूल म्हणतात. इंजिनिअरकडून ते मागून घ्या; नकाशाच्या फीमध्ये ते असायला हवं.

ढिगारा जातो कुठे?

छोट्या घरमालकाला नव्या नियमांतल्या मोठ्या जबाबदाऱ्या नसल्या तरी ढिगारा नाल्यात, रस्त्याकडेला किंवा कुणाच्या मोकळ्या प्लॉटवर टाकायची मुभा नाही. ट्रॅक्टरवाल्याला 'कुठेतरी टाक' म्हटलं की तो कुठे टाकतो, हे पहिल्या मोठ्या पावसात गटार तुंबल्यावर कळतं. महापालिका किंवा नगरपालिकेनं ठरवून दिलेली जागा विचारून घ्या आणि ट्रॅक्टरच्या खेपा लिहून ठेवा.

त्याआधी वेगळं करा: काँक्रीट, विटा-मसाला, माती, लाकूड-लोखंड-प्लास्टिक. चार ढीग, चार पाट्या, एवढंच. विटांचे तुकडे गच्चीच्या कोब्यात जातात. विटा-दगडांचा चुरा जोत्याच्या भरावात चालतो, मात्र त्यात लाकूड, प्लास्टिक, जिप्सम नको आणि भराव सहा ते आठ इंचांच्या थरांत पाणी मारून दाबायचा. एकदम चार फूट ओतून वरून फरशी घातली तर ती दोन वर्षांत खचते. फोडलेल्या काँक्रीटची खडी मानक ३८३ नुसार पायाखालच्या हलक्या काँक्रीटमध्ये पूर्णपणे वापरता येते, आणि सळईच्या काँक्रीटमध्ये एम २५ पर्यंत २० टक्के. घरच्या घरी फोडलेली खडी मात्र फक्त पायाखालीच वापरा. तिचा दर्जा तपासायची सोय नसते.

छपराचं पाणी

हजार फुटांच्या छपरावर १२०० मिलिमीटर पाऊस, त्यातला ८० टक्के हाती लागला तर वर्षाला सुमारे ८९ हजार लिटर. पाच माणसांच्या कुटुंबाला माणशी १३५ लिटर धरले तर चार महिन्यांहून जास्त पुरेल एवढं. पण हे पाणी येतं पावसाळ्यात, लागतं एप्रिलमध्ये, आणि १० हजार लिटरची टाकी पंधरा दिवसांत संपते. म्हणून टाकी छोटी, बाकीचं जमिनीत.

जमिनीचा प्रश्न इथे पुन्हा येतो. तांबड्या-जांभ्याच्या जमिनीत शोषखड्डा चांगला चालतो. काळ्या चिकण मातीत तोच खड्डा तळं होतो आणि पायाशी ओल ठेवतो. तिथे पाणी गाळून बोअरमध्ये किंवा आडात सोडणं बरं. परड्यातला आड बुजवू नका, आजच्या दरात तो पुन्हा खणता येणार नाही. पहिल्या एक-दोन पावसांचं घाण पाणी बाहेर सोडायला पाइपला वेगळी तोटी ठेवा, आणि आडाच्या तोंडाशी खडी-वाळूचा गाळणीचा खड्डा. संडासाचा शोषखड्डा आडापासून निदान १८ मीटर दूर हवा. गल्लीतल्या अरुंद घरात तेवढं अंतर मिळत नाही. तिथे ड्रेनेजला जोडणं हाच मार्ग.

कामगार, कागद आणि शेवटचा हप्ता

बेळगावच्या साइटवर मिस्त्री मराठी, सेंट्रिंगवाला कन्नड, फरशीवाला राजस्थानी असं असतं. पाणी-सिमेंटचं प्रमाण, टेकू काढायची तारीख, पाणी मारायच्या वेळा एका फळ्यावर मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहा, शेजारी डब्यांची चित्रं काढा. हेल्मेट, पिण्याचं पाणी आणि बायांसाठी आडोशाचं शौचालय यांचा खर्च एकूण खर्चात दिसतसुद्धा नाही. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेला कामगार राज्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करू शकतो. दिवसांचा दाखला द्यायला मालकानं कुरकुर करू नये.

मंजूर नकाशापेक्षा दोन फूट पुढे बांधायचा मोह होतो. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वीज-पाण्याची जोडणी आणि बँकेचं कर्ज भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे झाल्याचा दाखला) पाहून देण्याचे निर्देश दिले. नियमाबाहेरचा भाग पाडावा लागणं म्हणजे वर मोजलेली सगळी बचत एका दुपारी गमावणं.

'मिस्त्री ऐकत नाही' हा शेवटचा आक्षेप. मिस्त्री ऐकत नाही, कारण सगळे पैसे फुटावर मोजले जातात आणि फूट लवकर भरण्यात त्याचा फायदा असतो. करारात चार गोष्टी लिहा: पाणी कुणी आणि किती दिवस मारायचं, टेकू किती दिवस ठेवायचे, एक सेंटीमीटरपेक्षा जास्त वाकडी भिंत कुणाच्या खर्चानं पाडायची, आणि सिमेंटचा खप ठरल्या आकड्याच्या पाच टक्क्यांत राहिला तर बक्षीस किती. एकूण मजुरीतले पाच टक्के राखून ठेवा, आणि ते पहिला पावसाळा जाऊन गच्ची-खिडक्या कोरड्या राहिल्यावर द्यायचे, हेही काम सुरू होण्याआधीच लिहून घ्या.